पडद्याच्या पलीकडून

४ फेब्रुवारी १९२९, सोमवार. सकाळी.

भालकीत सिनेमा आला! उदगीरहून बैलगाड्यांवर तंबू, यंत्र, तेलाचं इंजिन आलं आणि बाजाराच्या मैदानात उभं राहिलं. काल पहिला शो पाहिला. पडदा तंबूच्या मधोमध. पाणी मारून ओला ठेवतात, म्हणून चित्र दोन्ही बाजूंनी दिसतं. अख्खं गाव यंत्राच्या बाजूला, पडद्यासमोर कोंबून बसलं होतं. मी पडद्याच्या पलीकडे बसलो. तिकडं तिकीट कमी आहे म्हणून न्हाई. तिकडं ऐसपैस मांडी घालता येते, विचार करता येतो.

सिनेमा मुका. एका राजपुत्राची गोष्ट. मधे मधे अक्षरं येतात, ती एक माणूस मोठ्यानं वाचून सांगतो.

संकल्प: यापुढं सिनेमा पाहिला की मत लिहून ठेवायचं. तहसील कचेरीत लोकांचे उर्दू अर्ज उतरवून काढण्यात सात वर्षं गेली. आता पुरे.

५ फेब्रुवारी, मंगळवार.

पुन्हा पाहिला. आज काशप्पाच्या चहाच्या दुकानात मत जाहीर केलं. राजपुत्र डावखुरा आहे, हे गावात एकाच्याही लक्षात आलेलं न्हाई. तलवार उजव्या कमरेला, उपसतो डाव्या हातानं. म्हणजे हा उलट्या नशिबाचा माणूस. कंपनीनं किती खोल विचार केलाय!

तिप्पण्णा पानवाला म्हणाला की आई राजपुत्राला घास भरवते तिथं त्याला रडू आलं. मी म्हणालो, रडू राहू दे, ती डाव्या हातानं भरवते त्यावर बोल. तो म्हणाला उजव्या. काशप्पाही म्हणाला उजव्या. मी दोघांना बिदरला जाऊन डोळे दाखवून यायला सांगितलं. काशप्पा चहा गाळत राहिला.

तिप्पण्णाला एक अक्षर वाचता येत न्हाई. अशा माणसाच्या मताला मत म्हणावं का?

७ फेब्रुवारी, गुरुवार.

तिसऱ्यांदा पाहिला. भयंकर शोध लागला. पडद्यावरची उर्दू डावीकडून उजवीकडं जाते! आणि मराठी उजवीकडून डावीकडं! एवढी मोठी मुंबईची कंपनी, पण लिहिता-वाचता येणारा माणूस ठेवायला हिला जमलं न्हाई. कंपनीला तीन पानी पत्र लिहिलं. सुरुवातीला सौम्य आहे, दुसऱ्या पानापासून न्हाई.

बायको चंद्रभागा म्हणाली, मलाही एकदा न्या की. मी म्हणालो, आधी चुका दुरुस्त होऊ देत, मग बायकामाणसांनी बघावं. ती घागर घेऊन पाण्याला गेली. पटलं असावं.

८ फेब्रुवारी, शुक्रवार. जुम्म्याची सुट्टी.

नशीब उघडलं! अक्षरं वाचून सांगणाऱ्याचा घसा बसला, तो गावी निघून गेला. तंबूचा मॅनेजर काशप्पाच्या दुकानात आला आणि तीन भाषा येणारा माणूस आहे का, म्हणून विचारायला लागला. मी उभा राहिलो. मराठी घरची, कन्नड बाजारातली, उर्दू कचेरीतली. मॅनेजरनं मला वरून खालपर्यंत बघितलं. रविवारी परीक्षा. जमलं तर तंबूबरोबर जायचं. बिदर, हुमनाबाद, गुलबर्गा, पुढं कुठंही!

दुपारी झोप न्हाई. तीनदा मैदानावर जाऊन आलो. तंबू जागेवरच होता.

९ फेब्रुवारी, शनिवार.

सकाळी उतरवायला मिळालेला अर्ज तसाच टाकून राजीनामा दिला. कचेरीतले आमचे वरिष्ठ, पेशकार साहेब, यांच्या टेबलावर ठेवला आणि ताठ मानेनं बाहेर पडलो. साहेबांनी वर बघितलं न्हाई. धक्का बसला असणार.

चंद्रभागेनं विचारलं, परीक्षा व्हायच्या आधीच कामून दिलात? घरात दोन लेकरं हाईत. मी म्हणालो, मोठी कामं असं पाऊल मोजून होत न्हाईत. ती चुलीकडं तोंड करून बसली.

संध्याकाळी पडद्यामागं बसून सराव केला. उलटी उर्दू आता पाण्यासारखी वाचता येते. सात वर्षांचा हात आहे, फुकट जाणार न्हाई. कंपनीच्या चुका लोकांना कळू द्यायच्या न्हाईत, असं मोठ्या मनानं ठरवलं.

१० फेब्रुवारी, रविवार. दुपारी.

कचेरीत गेलो न्हाई. कुणी बोलवायला आलं न्हाई. माझा निर्णय फार कडक आहे, हे सगळ्यांना कळलेलं दिसतं. टोपी धुतली. पाय एका जागी ठरत न्हाई. दारातून चुलीपाशी, चुलीपासून दारात. चंद्रभागा म्हणाली, बसा की जरा. बसलो. परत उठलो.

११ फेब्रुवारी, सोमवार.

काल जे झालं त्यात माझी चूक न्हाई, हे आधी लिहून ठेवतो.

मॅनेजरनं मला पडद्यासमोर उभं केलं, यंत्राच्या बाजूला. तिथून मी एकदाही पाहिलेलं नव्हतं, हे त्यानं विचारायला पाहिजे होतं. सिनेमा सुरू झाला. बघतो तर राजपुत्राची तलवार डाव्या कमरेला! घोडा भलत्याच बाजूनं आला. उर्दू उजवीकडून सुरू झाली. मी ती सवयीनं दुसऱ्या टोकाकडून वाचायला गेलो, तर एका शब्दाचा अर्थ लागेना. लोक हसायला लागले. मी हात वर करून ओरडलो, थांबवा, फिल्म उलटी लावलीय!

ऑपरेटर बिचारा घाबरला. त्यानं यंत्र थांबवलं. पडद्यामागून कुणीतरी ओरडलं की आमच्याकडं रोजच्यासारखंच हाय. तेवढ्यात थांबलेली फिल्म दिव्यापुढं जळाली आणि राजपुत्राच्या तोंडाला मोठं भोक पडलं.

अंधार. लोक तिकिटाचे पैसे परत मागायला लागले. मॅनेजर डोकं धरून खाली बसला. मग अंधारातून तिप्पण्णाचा आवाज आला. त्यानं पुढची गोष्ट सांगायला सुरुवात केली. निम्मी कन्नडात, निम्मी मराठीत, मधे दखनी उर्दू. आई घास भरवते तिथं आला, तेव्हा बाया रडायला लागल्या. एक माणूस उठला न्हाई. फिल्म जोडून होईपर्यंत सगळे ऐकत बसले.

मी पण बसलो. तो बरा सांगतो. विस्तार जास्त करतो, पण बरा सांगतो.

१२ फेब्रुवारी, मंगळवार.

चंद्रभागेला सगळं सांगितलं. कंपनी, ऑपरेटर, मॅनेजर, कुणाकुणाचं काय चुकलं ते. तिनं माझा एक लिहिलेला कागद उचलला आणि खिडकीतल्या उजेडापुढं धरला. मला म्हणाली, इकडून बघा. आता पाठीमागून बघा. तिला वाचता येत न्हाई. तरी तिला कळलं.

मी म्हणालो, मला हे पहिल्यापासून ठाऊक होतं.

ती म्हणाली, व्हय.

१३ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी.

तंबू निघाला. तिप्पण्णा जायलाय गाडीबरोबर. अक्षर येत न्हाई तर काय करणार, म्हणून विचारलं. कुणी एकदा वाचून दाखवलं की त्याच्या ध्यानात राहतं, असं मॅनेजर म्हणाला. तिप्पण्णा पान घेऊन माझ्या दारापर्यंत आला, वाकला. मी त्याला दोन सूचना करणार होतो.

तो म्हणाला, "अण्णा, तुम्ही मागं कामून बसत होता? मी रोज माझ्या शेजारी तुमची जागा धरून ठेवलेली. तुम्हाला सिनेमातलं कळतंय म्हणून."

सूचना तशाच राहिल्या. पान घेतलं. फार वाईट वाटलं.

त्याच दिवशी. दुपारी.

राजीनामा परत मागायला कचेरीत गेलो. काय बोलायचं ते वाटेत चार वेळा घोकलं. घरची अडचण, तब्येत, साहेबांची मर्जी. माफी दोनदा.

पेशकार साहेब लिहीत होते. राजीनामा ठेवला तिथंच होता. घडीसुद्धा उलगडलेली नव्हती. मी तो हळूच उचलून खिशात घातला. साहेबांनी मान वर न करता विचारलं, शनिवारी दिलेला अर्ज उतरवून झाला का?

मी म्हणालो, होतच आलाय.