डाव्या बाजूचा पट्टा

२ नोव्हें., रवि.

गाडी रंगवून आली. सात आठवडे घाटकोपरला गॅरेजमध्ये होती. अण्णांनी घेतली तेव्हा होता तोच रंग, बाटलीसारखा हिरवा. नंदूने स्वतः चालवत आणली. बाजूला रुचा, त्याची मुलगी. भाऊ म्हणून सांगत नाही, पण चालवतो चांगली.

आईला लिफ्टने खाली आणलं. तिने बॉनेटवर तळवा ठेवला, मग उलटा करून बघितला, रंग लागला का म्हणून.

रुचाचं लग्न तीस तारखेला, मुलुंडला. तिला आजोबांच्या गाडीतून हॉलवर उतरायचंय. अण्णांना जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून गाडी आमच्या भांडुपच्या बिल्डिंगखाली, झाकलेली. चावी नंदूकडे.

खाली जमलेल्या शेजाऱ्यांना नं. म्हणाला, "ताईपासून लांब ठेवा. नाहीतर डावी बाजू परत करायला लागेल." सगळे हसले. मीही. बत्तीस वर्षं हेच.

४ नोव्हें., मंगळ.

कोर्टात दिवसभर एकच साक्ष टाइप केली. बोटं दुखतायत. दिंडोशीहून यायला पावणेदोन तास, जोगेश्वरी-विक्रोळी रस्ता खोदलाय.

घरी रुचा बसलेली. "आत्या, गाडीवर पट्टे हवेत. क्रीम कलरचे दोन, बॉनेटवरून टपावर, मागे डिकीपर्यंत. आणि दोन्ही बाजूंना एकेक बारीक." फोनवर फोटो दाखवला. नं.ला तिथूनच फोन लावला. तो म्हणाला, वेडी आहेस का, रंग आत्ता झालाय. ही म्हणाली, काढता येतात बाबा, लग्न झालं की सोलून टाकायचे.

मी कोथिंबीर निवडत होते. माझं मत कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर, छान दिसेल.

६ नोव्हें., गुरु.

युसुफभाईंचा फोन. त्यांनीच गाडी रंगवली. रुचाने माझा नंबर दिला, कारण नं. मीटिंगमध्ये असतो.

"मॅडम, स्टिकर अभी बिलकूल नाही. रंग वरून सुकलाय, आतून कच्चा आहे. गोंद लागला की डाग राहील, काढायला गेलात तर रंगासकट येईल." किती दिवस थांबायचं? "दोन महिने तरी."

रुचाला कळवलं. तिने रडका चेहरा पाठवला. मग अर्ध्या तासाने, "चुंबकाचे?"

९ नोव्हें., रवि.

स्टेशनजवळ एक दुकान आहे, ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांना चुंबकाचे एल-बोर्ड करून देतात. पातळ रबरासारखा शीट, वरून हवा तो रंग. गोंद नाही. चिकटतो, सोलला की निघतो. युसुफभाईंना विचारलं. म्हणाले चालेल, पण खालचा पत्रा कोरडा पुसायचा आणि रात्री लावून ठेवायचा नाही, ओल धरतो.

रुचा आणि मी टेप घेऊन गाडीखाली-वर. माझ्याकडे आकडे लिहायचं काम. दाराच्या फटीत पट्टा कापायला लागेल, म्हणजे एका बाजूला चार तुकडे: पुढचा मडगार्ड, पुढचं दार, मागचं दार, मागचा मडगार्ड. तिने विचारलं, "आत्या, तू खरंच ठोकली होतीस?"

म्हटलं, फाटकाला घासली होती. चाळीच्या.

"बाबा तर असं सांगतात की उलटलीच होती."

१५ नोव्हें., शनि.

पट्टे आले. नं., रुचा सकाळीच हजर. बॉनेट, टप, डिकी झकास. उजवी बाजू चारही तुकडे एका दमात. गाडीचं वयच उतरलं.

डावी बाजू. पुढचा मडगार्ड बसला. पुढचं दार बसलं. मागच्या दाराचा तुकडा लावला तर सरकून खाली. परत लावला. परत खाली. मागच्या मडगार्डचा धरलाच नाही, सरळ जमिनीवर. रुचाने पुसून पाहिलं, तुकडे उलटसुलट करून पाहिले. उजवीकडचे आणून लावले, तेही पडले.

नं. हसत म्हणाला, "ताईची बाजू ना ती. लोहचुंबकालाही माहितीय."

वॉचमनसुद्धा हसला.

मग नं.ला एकदम काम आठवलं. गेला. रुचा तुकडे हातात घेऊन उभी. तिला म्हटलं, युसुफभाईंना बोलावते.

१६ नोव्हें., रवि.

युसुफभाई आले. वाकलेसुद्धा नाहीत. बोटाने दारावर टकटक केली, मग पुढच्या दारावर. आवाज वेगळा. "मॅडम, इकडे पत्रा चुंबकाला मिळणारच नाही. लांबी आहे. बोटभर जाड." लांबी म्हणजे ती पुट्टी, पोचा भरायची.

मी म्हटलं, तुम्ही भरलीत?

त्यांना ते लागलं. फोन काढला, जुना रंग खरवडतानाचे फोटो दाखवले. मागचं दार आणि मडगार्ड गुलाबी, मातीसारखं. पुढचा मडगार्ड नुसता पत्रा, त्यावर एक लांब रेघ. "हे जुनं काम आहे, माझ्याआधीचं. पत्रा आत गेला होता, कोणी बाहेर काढलाच नाही, वरून भरून टाकला. मी बोललो, नवीन पत्रा लावू. साहेब बोलले, राहू दे, आहे तसं लेव्हल कर. आणि घरी कोणाला दाखवू नको, म्हातारी आहे, जुन्या गोष्टी निघतात."

साहेब म्हणजे नं.

चहा घेतला त्यांनी. दोन साखर.

१७ नोव्हें., सोम.

कोर्टातून आल्यावर फ्रिजवरचं चुंबक घेऊन खाली गेले. वॉचमनला म्हटलं, धूळ बघतेय.

पुढच्या डाव्या मडगार्डवर, जिथे मी फाटकाला घासली होती तिथे, गच्च बसतं. मागे नाही. कुठेच नाही. खालच्या कडेपासून काचेपर्यंत नाही.

आठवेल तेवढं लिहून ठेवते.

मी चोवीस. लायसन्स मिळून तीन महिने. क्लास स्वतःच्या पगारातून केला. शनिवारी संध्याकाळी आत घेताना फाटकाच्या लोखंडाला घासली. एक रेघ. अण्णा काही बोलले नाहीत, बोट फिरवून बघितलं. दोन दिवसांनी मी मावशीकडे कुडाळला, लग्नाला. आठ दिवस. परत आले तर गाडी गॅरेजमध्ये, अख्खी डावी बाजू नव्याने रंगवायला. अण्णा म्हणाले, "तू लावलंस ते आतपर्यंत गेलं होतं. आता चावी नको मागू."

मागितली नाही. मला वाटलं, असेल. पत्र्याचं मला काय कळतंय.

त्यानंतर गाडी चालवली नाही. लायसन्स संपलं ते परत काढलं नाही. ऑफिस ठाण्याला होतं, फोर्टला होतं, आता दिंडोशी. बस, रिक्षा.

१९ नोव्हें., बुध.

आईला विचारलं. जेवण झाल्यावर, गोळ्या देताना. सरळ विचारलं, मी कुडाळला गेले तेव्हा गाडी कोणी ठोकली.

आधी म्हणाली, माका काय ठावक. मग गोळी गिळली. मग, "आता कित्याक काढतंस ता?"

मी थांबले. कोर्टात हे शिकले, थांबलं की माणूस बोलतो.

"नंदू घेवन गेलो होतो. मुलुंडाक. लायसन नाय, काय नाय. कठड्यार घासली. फुडच्या आठवड्यात कंपनीत मुलाखत होती त्येची. मुलाखत घेणाऱ्या साहेबाकडसूनच गाडी घेतलेली. कळला असता तर घेतले असते त्येका?"

आणि मी?

"तुझो एक ओरखडो होतोच. ह्ये म्हणाले, त्याच्यातच जावंदे."

तिने पाणी मागितलं. दिलं. टीव्ही लावून दिला.

२० नोव्हें., गुरु.

काही नाही. दोन जामीन, एक तहकूब. डोकं दुखलं.

त्याच्यातच जाऊ दे.

२२ नोव्हें., शनि.

नं. आला, लग्नाच्या पत्रिकांचा उरलेला गठ्ठा द्यायला. आई आत झोपलेली. त्याला युसुफभाईंचे फोटो दाखवले. बघितले. चष्मा काढून परत बघितले.

माझ्या सवयीने लिहिते.

मी : तुला माहीत होतं.
तो : लहान होतो, ताई.
मी : एकोणीस.
तो : अण्णांनी ठरवलं. मी सांगायला गेलो तर म्हणाले, तू गप्प बस.
मी : अण्णा सहा वर्षांपूर्वी गेले.
(तो चष्मा पुसतो.)
मी : आणि तो विनोद?
तो : लोकच काढायचे. मी फक्त...
मी : गेल्या शनिवारी कोणी काढला?
तो : सवय झाली गं. मला स्वतःलाच खरं वाटायला लागलं होतं कधीकधी.

हे शेवटचं खरं असावं. जसंच्या तसं घेतलंय.

मग म्हणाला, "आता काय फरक पडतो, ताई."

म्हटलं, नाही पडत. मग सांग ना सगळ्यांना.

"लग्नात?"

लग्नात नको. पण सांग. किमान रुचाला.

गठ्ठा टेबलावर ठेवून उठला. जाताना चपला उलट्या घातल्या, जिन्यात बदलल्या. माझ्याकडून आवाज चढला नाही. चढायला हवा होता का, माहीत नाही.

२५ नोव्हें., मंगळ.

रुचाचा फोन, डाव्या बाजूचं काय करायचं. तिला अजून काही माहीत नाही, आवाजावरून कळलं. युसुफभाई म्हणाले होते, एका दिवसापुरती कागदी टेप लावता येईल, त्यांच्या जबाबदारीवर नाही. मी म्हटलं, नको. पुढे दोन तुकडे बसतात तेवढे लाव, मागे मोकळं ठेव.

"अर्धाच पट्टा? विचित्र नाही दिसणार?"

दिसेल.

ती म्हणाली, फोटोवाल्याला उजवीकडूनच काढायला सांगते.

३० नोव्हें., रवि.

लग्न लागलं. वेळेवर. आई चार तास खुर्चीत बसली, तक्रार नाही.

सकाळी खालीच पट्टे लावले, रुचाच्या दोन मैत्रिणी आणि मी. ती शालू नेसून मागे बसली, नं. चालवायला. मी आणि आई रिक्षाने मागून. हॉलच्या दारात गाडी वळली ती नेमकी डावीकडून लोकांसमोर आली. फोटोवाला पलीकडे धावला.

जेवणाच्या वेळी मुलाचे काका, गाड्यांचे हौशी, आमच्या टेबलाशी आले. गाडीचं कौतुक केलं. मग नं.ला म्हणाले, "पण एक विचारू का, डावीकडे पट्टा मध्येच का संपतो?"

टेबलावर नं., त्याची बायको, आई, मी. बायको सवयीने हसायला लागली, माझ्याकडे बघून. तिलाही तेवढंच माहीत आहे. नं.ने माझ्याकडे बघितलं. मी ताटातली जिलेबी मोडत होते. मदत केली नाही.

तो म्हणाला, "जुनी गाडी आहे. त्या बाजूला काम झालंय."

काम झालंय. कोणी केलं ते नाही. असं वाक्य साक्षीत आलं की वकील उठतो. इथे कोणी उठलं नाही. काका म्हणाले, "तरी उत्तम राखलीय," आणि मठ्ठा घ्यायला गेले.

पण माझं नावही नव्हतं त्यात. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा. हे नोंदवून ठेवते, याचं काय करायचं ते कळत नाही.

१ डिसें., सोम.

रजा. पट्टे काल संध्याकाळीच काढले होते, आज धुऊन गॅलरीत वाळत घातले. रंगाला काही झालं नाही. डाग नाही, सावली नाही.

३ डिसें., बुध.

रुचाचा फोन, सासरहून. पूजा झाली, पाय सुजलेत, नवऱ्याला चहा करता येत नाही. मग म्हणाली, "आत्या, त्या दिवशी गाडीत बाबा काहीतरी सांगणार होते. सिग्नलला. 'एक गोष्ट आहे, ताईची' म्हणाले, आणि सिग्नल सुटला. नंतर विचारलं तर म्हणाले, राहू दे. काय गोष्ट आहे?"

म्हटलं, त्यालाच विचार.

"तू सांग ना."

मी सांगितलं तर ती माझी बाजू होईल, म्हटलं. त्याच्याकडून ऐक.

तिला राग आला थोडा. ठेवला फोन.

५ डिसें., शुक्र.

रुचाचा मेसेज. बाबांना विचारलं. म्हणाले, रविवारी आत्याकडे जाऊ, तिथे सांगतो, आजीसमोर. दोघं दुपारी बारा वाजता येतायत.

आईला सांगितलं. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती, झोपली असं वाटलं. दहा मिनिटांनी म्हणाली, "माका विचारल्यान, तर मी काय सांगू?"

मी पलंगाशी बसून राहिले. तिचा हात उशीखाली होता.

रविवारसाठी सुरमई मिळाली तर आणायची, नाहीतर कोलंबी.