मुकादमाचं घर

ता. ६ जानेवारी

चि. भावजींस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

पत्र पाहून तुम्ही आधी घाबराल, मग चष्मा शोधायला लागाल आणि तो कपाळावरच सापडेल. घाबरण्यासारखं काही नाही. फोन करायला जावं तर हे शेजारच्या खोलीत असतात, आणि त्यांच्या कानावर जाऊ नये असंच मला सगळं बोलायचं आहे. शिवाय सोबत नकाशाही पाठवायचा होता.

आपल्या मुकादमाला ज्या वॉर्डात ठेवलं होतं, तिथल्या मोठ्या सिस्टर परवा आमच्या ऑफिसात आल्या होत्या. दरवर्षी हॉस्पिटलच्या बागेत लहान मुलांसाठी खेळघरं मांडतात. आमच्यासारखी नकाशे काढणारी ऑफिसं एकेक घर करून देतात, मुलांना आत शिरून भातुकली मांडता येईल एवढं. दिवसभर मुलं त्यात हुंदडतात आणि संध्याकाळी लिलाव होतो. यंदाच्या पैशातून प्रत्येक कॉटशेजारी आईला आडवं होता येईल असा बाक करायचा आहे. तुम्हाला ती लोखंडी खुर्ची आठवत असेल. मी त्या खुर्चीत झोपायला शिकले, पण माझी मान अजून कुरकुरते. साहेबांनी विचारलं कोण करील, तेव्हा सगळेजण माझ्याकडे बघायचं टाळत होते. मग मीच हात वर केला.

बांधणार अर्थातच तुम्ही. मुकादम हे नाव माझ्या लेकीला तुम्हीच ठेवलंत. हात पाठीमागे बांधून तुमच्या कारखान्यात फिरायची आणि रंधा मारणाऱ्या माणसाला थांबवून विचारायची, की हे काम कधी होणार. तिच्या मनातलं घर दुसऱ्या कोणाच्या हातचं मला चालणार नाही.

आता जे लिहायला घाबरत होते ते लिहिते. तिला जाऊन फेब्रुवारीत तीन वर्षं होतील. या तीन वर्षांत तुमच्या दादांनी तिचं नाव एकदाही तोंडातून काढलेलं नाही. मी काढलं की ते उठतात आणि नळ नीट बंद आहे का ते बघायला जातात. भांडण नाही, आदळआपट नाही. भाजी आणू का, बिल भरलं का, यापुढे आमचं बोलणं जात नाही. मी रडते ती न्हाणीघरात. ते रडतात की नाही, मला ठाऊक नाही. भावजी, असं राहून मला वेड लागेल. लिलाव झाला की मी माझ्या बहिणीकडे जाऊन राहणार आहे, आणि परत यायचं मनात नाही. यांच्याशी अजून बोलले नाही. तुमच्यापासून लपवाछपवी मला कधी जमली नाही, म्हणून तुम्हाला आधी सांगते.

धाकटीला, माझ्या जावेला, म्हणावं गुडघ्याला जप. माझ्यावर रागावलात तरी माया आटवू नका.

तुमची वहिनी


ता. १४ जानेवारी

ती. सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

चष्मा कपाळावर नव्हता, गळ्यात होता. पत्र कारखान्यातच वाचलं आणि लगेच कापायचं मशीन चालू केलं. त्या आवाजात कोणी काही विचारत नाही.

घर मी करतो, त्यात विचारायचं काय. लाकूड माझं, हात माझे, आणि मजुरीचा विषय काढलात तर मी तुमच्याकडचा चहा सोडीन. नकाशा मात्र पाहिला आणि डोक्याला हात लावला. एवढ्याशा घराला पाच खिडक्या? वहिनी, भिंतीला जागा कुठे ठेवलीत? घर आहे का खोका आहे भोकाभोकांचा? आणि छपरातही मागच्या बाजूला एक भोक दिसतंय, ते चुकून पेन टेकलं म्हणून आहे की मुद्दाम, तेवढं कळवा.

बहिणीकडे जाण्याबद्दल मी काय बोलू. जाऊ नका म्हणायचा मला हक्क नाही, आणि जा असं तोंडातून निघत नाही. आमचे वडील गेले तेव्हा घरात सगळे रडत होते आणि दादा कारखान्यात बसून त्यांच्या सुतारकामाच्या पटाश्यांना एकेक करून तेल लावत होता. मला त्याचा असा राग आला होता की मी महिनाभर त्याच्याशी धड बोललो नाही. आता मी फोन केला की तो हवापाण्याचं विचारतो, आणि मीही मुकाट्यानं हवापाण्याचंच सांगतो. मी त्याची बाजू घेत नाही. तुम्हाला जे सोसावं लागलं ते लागलंच.

धाकटीला सांगितलं. ती म्हणाली, वहिनी दादाला सोडून गेल्या तरी माझी जाऊ म्हणून राहतीलच. या म्हणण्यात काही अर्थ नाही, पण ती डोळे पुसत होती म्हणून मी दुरुस्त करायला गेलो नाही.

खिडक्यांचं लवकर कळवा, आणि जेवत जा वेळेवर. आमच्यावर हात असू द्या.

आपला धाकटा दीर


ता. २७ जानेवारी

चि. भावजींस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पाचही खिडक्या मुकादमाच्या हुकमाच्या आहेत, तेव्हा वाद घालू नका. वॉर्डात एकच खिडकी होती आणि तीही दुसऱ्याच्या कॉटशेजारी. पडल्यापडल्या ती मला घर सांगायची. एक खिडकी आईला बघायला, एक बाबांना, एक काकाला, एक कोपऱ्यावरच्या लंगड्या कुत्र्याला. पाचवी कोणाला ते उद्या सांगते म्हणाली होती, ते राहिलं. छपरातलं भोक चिमण्यांना येण्याजाण्यासाठी आहे. पावसाचं पाणी आत येईल असं मी तिला समजावलं होतं, तर चिमण्यांनाही अंघोळ लागते असं उत्तर मिळालं.

हा नकाशा काढताना माझा हात कुठे अडला नाही. ऑफिसच्या भिंतीवर मुलांच्या वयाचा आणि उंचीचा तक्ता लावलेला आहे, तिकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. ओटा, बाक, दार, सगळं डोळ्यांपुढे उभंच होतं. कितीतरी दिवसांनी मी ऑफिसातून घरी येताना गुणगुणत होते. जिन्यात लक्षात आलं आणि लाज वाटली.

परवा जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला होता. हे आले, जरा वेळ उभे राहून बघत राहिले. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी पाण्याचा जग उचलून लांब ठेवला, कागदाला ओल लागू नये म्हणून, आणि ताट घेऊन ओट्यापाशी उभ्यानं जेवले. इतका राग आला की मी तो जग उचलून मोरीत रिकामा केला. बहिणीला कळवलं आहे. तिनं माझ्यासाठी अर्धं कपाट रिकामं करून ठेवलंय.

दाराखाली फुंकर घालण्याएवढीही फट ठेवू नका, बोटं चेंगरतात. तुम्हाला सांगायला हवं असं नाही, तरी सांगते. लोभ आहे म्हणूनच हुकूम सोडते.

तुमची वहिनी


ता. २२ फेब्रुवारी

ती. सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

घर तयार आहे. उद्या टेम्पोत चढेल. भिंती सुट्या आहेत, बोल्ट आवळले की उभ्या राहतात. कडा मी स्वतः पॉलिश पेपरनं घासल्यात, गालावरून फिरवून पाहिल्यात. काम इतकं जपून केलंय की गिऱ्हाइकांची दोन कपाटं रखडली आणि एका बाईंनी मला फोनवर चांगलंच झापलं.

घर कारखान्यात उभं करून पाहिलं तेव्हा धाकटी आली होती. दाराशी वाकून तिनं आत डोकावलं, पाचही खिडक्यांतून बाहेर पाहिलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली. मी दाराच्या वरच्या पट्टीवर हात ठेवून उभा होतो. अगदी बरोबर वाटलं. मुकादम पाठीमागे हात बांधून आत शिरते आहे आणि मला विचारते आहे की रंग कधी देणार, असं वाटलं. आम्हा दोघांना मूल नाही, वहिनी. आमच्या घरात मूल म्हणून जे काही वावरलं ते तीच. तुम्ही लेकीचं दुःख करता तेव्हा मी मधे बोलत नाही, पण माझ्याकडेही थोडंसं आहे.

मला येता येणार नाही, धाकटीच्या गुडघ्याचं ऑपरेशन नेमकं त्याच आठवड्यात आलंय. पण मी एक लबाडी केली आहे. दादाला फोन करून सांगितलं, की बोल्ट वेड्यावाकड्या जागी आहेत, वडिलांच्या हाताखाली शिकलेल्या माणसाशिवाय ते कोणाला आवळता येणार नाहीत. खरं म्हणजे ते शाळेतलं पोरही आवळील. तो म्हणाला, पाना कितीचा लागेल. म्हणजे येईल. आला तर त्याला हाकलून देऊ नका, एवढं माझं ऐका.

लिलाव कसा झाला ते सविस्तर कळवा. तुम्ही कुठेही राहायला गेलात तरी पत्त्यात फरक पडेल, वहिनीत पडू देऊ नका.

आपला धाकटा दीर


ता. ३ मार्च

चि. भावजींस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

धाकटीचं ऑपरेशन नीट झालं हे तुमच्या फोनवरून कळलं, जीव भांड्यात पडला. तुम्ही लिलावाचं विचारलंत आणि मी फक्त झाला म्हणाले. त्याचं कारण हे पत्र.

हे आले. पाना घेऊन आले, सगळे बोल्ट आवळले आणि तुमची लबाडी त्यांच्या पहिल्याच बोल्टला लक्षात आली असणार. घर देखणं दिसत होतं. लोक थांबून बघत होते. मग मुलांना आत सोडलं आणि पहिलीच मुलगी धावत आली ती कपाळ आपटून मागे पडली. तिच्या मागच्या मुलाचंही तेच झालं. तिसरा रांगत गेला. एकानं नुसतं डोकं आत घालून ओरडून सांगितलं, की हे कुत्र्याचं घर आहे. मी टेप काढून दार मोजलं. ते आपल्या मुकादमाच्या डोक्यावर चार बोटं होतं, भावजी. ती पुरती पाच वर्षांचीही नव्हती, आणि बागेत येणारी बहुतेक मुलं सहा, सात, आठ वर्षांची. मी तेवढं काढलं, तुम्ही तेवढं केलंत, धाकटी त्यातून आत डोकावली, आणि आपल्यापैकी एकालाही काही खटकलं नाही. आपल्या लेखी मूल म्हणजे तेवढंच.

सिस्टर हळूच म्हणाल्या, की दार उंच करून घ्या, नाहीतर हे घर लिलावात ठेवता येणार नाही, मुलांना लागेल. मी त्यांना सांगितलं, की याला करवत लावू देणार नाही, घर परत घेऊन जाते. सिस्टर म्हणाल्या, मग बाकांचं काय. त्यांचं बरोबर होतं आणि मला ते ऐकायचं नव्हतं. मी सगळ्यांदेखत गवतावर बसले आणि हमसाहमशी रडले. इतकी वर्षं न्हाणीघरात जाऊन रडणारी बाई मी.

तेवढ्यात यांनी सिस्टरांकडे पेन्सिल मागितली. दारापाशी उभं राहून त्यांनी तळहात हवेत धरला, छातीच्या जरा खाली. थोडा विचार केला, हात बोटभर वर घेतला, तसाच चौकटीपर्यंत नेला, वर चार बोटं सोडली आणि खूण केली. सिस्टरांनी टेप पुढे केला. हे म्हणाले नको, ती आता एवढी आहे.

मी ऐकत राहिले. पाठमोरेच, पेन्सिल हातात फिरवत ते सांगत होते. दुपारच्या सुट्टीत ते डबा ऑफिसात खात नाहीत. तिच्या शाळेसमोरच्या बाकावर जाऊन खातात, आणि हे तीन वर्षं चाललं आहे. तिच्या शेजारी बसायची ती लांब वेणीची मुलगी आता दुसरीत आहे. आपली तेव्हा तिच्याहून बोटभर उंच होती, म्हणून हात बोटभर वर. हे सांगताना त्यांनी तिचं शाळेतलं पूर्ण नाव घेतलं. त्यांच्या तोंडून ते ऐकून मला वाटलं, दुसरंच कोणीतरी बोलतं आहे.

मला भरून आलं आणि संतापही आला. मी विचारलं, मला का नाही सांगितलं. ते म्हणाले, तू तिचे फ्रॉक अजून घड्या घालून ठेवतेस, ती त्यात मावत नाही हे तुला कोणत्या तोंडानं सांगू. मग त्यांनी तुमच्या दाराची वरची पट्टी काढली आणि हॉस्पिटलच्या माळ्याकडून करवत आणून फळ्या कापल्या. रेघ सरळ आली. पट्टी पुन्हा वर ठोकली. तुमची दाराची फळी आता तोकडी पडते, वरून सगळं दिसतं, पण मुलांना त्याचं काही वाटलं नाही. ती धावत आत गेली. घर विकलं गेलं, बाक होतील. हातगाडीवरून घर फाटकाबाहेर गेलं तेव्हा आम्ही दोघं दोन बाजूंना उभे होतो, एकमेकांचा हात वगैरे धरलेला नव्हता. तुम्ही उगाच गोड चित्र रंगवाल म्हणून सांगते.

बहिणीला एवढ्यात येत नाही असं कळवलं. एवढ्यात म्हणजे किती, मला माहीत नाही. काल दुपारी मात्र मी माझा डबा घेऊन त्या बाकावर गेले. यांनी सरकून जागा दिली. शाळा सुटली, वेणीची मुलगी आली. केवढी मोठी झाली आहे ती! पुढचे दात नवे आले आहेत, दप्तर एका खांद्यावर टाकून चालते. मला तिच्याकडे बघवत नव्हतं आणि नजरही हलत नव्हती. ती वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा हे म्हणाले, की पुढच्या वर्षी सिस्टर पुन्हा येतील, तेव्हा नकाशा काढण्याआधी मला विचार. या वयात मुली भराभर वाढतात.

धाकटीला हळूहळू चालवा. आम्हा दोघांवरही माया ठेवा.

तुमची वहिनी