भागिले एक

ती. मामा,

सा. न. तुमची मान आणि मामीचा गुडघा कसा आहे ते सविस्तर कळवा. (आईला विचारलं की ती "बरे आहेत" म्हणते. तेवढ्यावरून काही अनुमान काढता येत नाही.) मी ठीक आहे. वजनकाटे तपासण्याच्या आमच्या प्रयोगशाळेत मला विभागप्रमुख करताहेत आणि ही बढती मी नऊ दिवस अडवून धरली होती, हे आईकडून तिखटमीठ लावून कळण्याआधी माझ्याकडून कळलेलं बरं.

माझा कर्मचारी क्रमांक ७,३९,३९,१३३. ही मूळ संख्या आहे, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानंही भाग जात नाही. (८,५९८ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं. त्यापुढे जायची गरज नसते.) आता तिचा शेवटचा अंक अंगठ्यानं झाका. उरली ७३,९३,९१३, तीही मूळ. असे उजवीकडून एकेक अंक झाकत एकट्या सातापर्यंत या, दर वेळी मूळच. या जातीत हिच्याहून मोठी संख्या नाही. मला ती रांगेत उभी असताना मिळाली, माझं कर्तृत्व शून्य. तरी कार्ड मी गळ्यात सुलटं राहील असंच घालते.

नियम असा की विभागप्रमुखाच्या क्रमांकाला शेवटी एक जोडायचा. जोडला की अंकांची बेरीज एकोणचाळीस, म्हणजे तिनानं सरळ भाग. मी सही करणार नाही म्हटलं. हेडक्लार्क चष्म्यावरून बघत म्हणाले, "ताई, बढती तुम्हाला मिळतेय का आकड्याला?" मग तीन चालेल का, नऊ चालेल का, अशी घासाघीस त्यांनीच सुरू केली. कोणताही अंक जोडला तरी ती मूळ राहत नाही, हे मी त्यांना पाठकोऱ्या कागदांवर दाखवलं. (अकरा कागद.) शेवटी साहेबांचा निरोप आला: शुक्रवारी पाचपर्यंत सही नाही, तर जागा भोंग्याला. भोंगा माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो, मोठ्यानं बोलतो आणि त्याचा क्रमांक सम आहे.

आज शुक्रवार. दुपारी हेडक्लार्क वैतागून म्हणाले, "मधे तिरकी रेघ मारू का? तुमचं तुमच्याकडे, आमचा एक आमच्याकडे." मामा, ७३९३९१३३/१. भागिले एक. किंमत तीच. मी जागच्या जागी होकार दिला आणि त्यांचे आभारही मानले. (लेखी.)

मामीला नमस्कार.

तुमची भाची,
विभागप्रमुख

ता. क. खोलीच्या दाराला पितळी पाटी लागते. ती तुम्हीच कोरावी. तुमच्या दुकानात अंकांचे साचे हातात द्यायला मी बसायची, तेव्हापासूनचं हे सगळं आहे. क्रमांक मोठा, नाव बारीक. जागा पुरली नाही तर नाव नको.

ता. क. २. पाकीट चिकटवताना नवं कार्ड आलं. छपाईच्या यंत्राला तिरकी रेघ येत नाही, म्हणून आडवी टाकलीय: ७३९३९१३३-१. वजा एक. आता मला चारानं भाग जातो. पाचला चार मिनिटं होती, सही केली. कार्ड सध्या उलटं घालते. पाटी लवकर पाठवा, आणि रेघ तिरकीच.