आठ मीटरचा पाहुणा

प्रिय ठमाबाई,

अक्षर बघून घाबरू नकोस, आजीच आहे. दोन इयत्तांत जेवढं शिकले तेवढ्यावर चालवतेय.

तू सुट्टी संपवून वसतिगृहावर गेलीस आणि मी तुझं ते ओर्काचं पुस्तक बोट ठेवून वाचायला घेतलं. मासा म्हणत नाही हो, डॉल्फिनच्या भावकीतला तो, कळलंय मला! नर आठ मीटर लांब असतो म्हणे. आता मीटर म्हटल्यावर माझे हात गप्प बसतात होय? जन्मभर लोकांचे कपडे बेतले. घेतली टेप, घेतला खडू, लागले फरशीवर आखायला. डोकं खिडकीशी, पोट पलंगाखालून, आणि शेपटी दाराबाहेर पार जिन्यात! शेजारच्या मावशी भाजी घेऊन वर येत होत्या, त्या शेपटीशीच थबकल्या. म्हणाल्या, एवढा कोट कुणाचा बेतताय? म्हटलं, नातीच्या दोस्ताचा. नुसता पाठीवरचा पंख तुझ्या बापाएवढा उंच गं! वजन पाच-सहा हजार किलो, तरी मेला पाण्याबाहेर उडी मारतो. मी खाली बसलेली उठताना दोनदा देवाला हाक मारते.

आणखी एक वाचलं. काळोख्या पाण्यात ते आवाज सोडतात, तो आपटून परत आला की पुढे काय दडलंय ते कळतं. त्यात काय मोठंसं? परवा फोनवर तू म्हणालीस, ओर्का मोजायच्या बोटीवरची नोकरी दुसऱ्याच कुणाला मिळाली. तुझा आवाज कानावर आला तेव्हाच मी ओळखलं, पोरगी काहीतरी लपवतेय.

मग पुस्तकातच सापडलं. तू खूण म्हणून घातलेला इंग्रजी कागद. मावशींनी वाचून दाखवला. तुझी निवड झालीय, शनिवारपर्यंत होकार हवाय. म्हातारी एकटी पडेल म्हणून खोटं बोललीस ना, लबाडे?

अगं, जिथे तो कागद घातलास तेच पान नीट वाचायचंस. खायला मिळेनासं झालं की कळपातली म्हातारी पुढे होते, वाट दाखवते. पुढे होते, ठमे. नातीची शेपटी धरून बसत नाही.

गरम कोट शिवलाय, सोबत पाठवतेय. पाठीवर पंख लावणार होते, कापड पुरलं नाही. शनिवारच्या आत त्यांना हो कळव. फरशीवरचा पाहुणा मी अजून पुसलेला नाही. मावशी रोज शेपटी ओलांडून येतात आणि विचारतात, गेली का पोरगी?

तुझीच, कळपातली म्हातारी