चुन्याचं फडकं

दादा,

सकाळपासून चारदा तुझ्या खोलीच्या खिडकीपाशी जाऊन परत आलो. उद्या डॉक्टरीणबाई तुझ्या डोळ्याच्या पांढऱ्या भागाचा पातळ पापुद्रा काढून माझ्या भाजलेल्या डोळ्यावर शिवणार. माझा दुसरा डोळाही थोडा पोळलाय, म्हणूनच या ओळी वाकड्या आणि म्हणूनच माझ्याच त्या डोळ्याचा न घेता तुझा पापुद्रा लागतो. तू तर बाईंचं बोलणं संपायच्या आत म्हणालास, "घ्या की!"

भिंत रंगवताना चुना उडाला, तेव्हा तू शिडीवरून उडी टाकून आलास आणि खांद्यावरच्या फडक्याने माझा डोळा खसाखसा पुसलास. पाणी मागाहून आणलंस. त्याच फडक्याला तू दिवसभर चुन्याचे हात पुसत होतास, दादा. उडाला त्याहून जास्त चुना तूच आत चोळलास. बाईंना मी सांगितलं, "मीच हाताने चोळला."

खरं सांगून मोकळं व्हावंसं वाटतं. पण मग उद्या तू टेबलावर गुन्हेगारासारखा पडशील. आणि आत्ता शेजारच्या खोलीतून तुझा आवाज येतोय, नर्सला बजावतोयस, "धाकट्यासाठी आहे, हात आखडता घेऊ नका. चांगला मोठा तुकडा काढा."

फाडतोय हे.

तुझा,
धाकटा