दगडांतून वाचलेल्या बाईची गोष्ट

रविवार संध्याकाळ, जे. पी. नगर

व्यभिचाराचा आळ आलेल्या बाईला येशू दगडांपासून वाचवतो, ती योहानाच्या शुभवर्तमानातली गोष्ट सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाहीच. नंतर कुणीतरी घुसडली, हा माझा संशय. ग्रीक मी एकट्याने शिकलोय, ओळ न् ओळ ताडून पाहिली.

शेजारच्या रोझीअक्कांना नवऱ्याने असाच आळ घेऊन टाकून दिलं. या गोष्टीवरच त्या तगल्या. तरी माझा संशय त्यांना सांगितलाच. नको होतं का सांगायला?

शेंगा सोलता सोलता अक्का त्यांच्या कानडी वळणाने म्हणाल्या, “सरी अण्णा, बरं. घातली कुणी ते शोधताय. काढली कुणी, ते बघितलं? पोथीच्या नकला उतरवणारे सगळे पुरुषच ना?”

घरी येऊन जुन्या हस्तलिखिताच्या त्या पानाचा फोटो पुन्हा पाहिला. तिथे गोष्टीपुरती रिकामी जागासुद्धा नाही. पण काढणारा जागा सोडेल कशाला?