मेजरसाहेबाच्या शिकारीतला फेटेवाला पाहुणा

मुक्काम सातारा,
जानेवारी १९४७

तीर्थस्वरूप नाथाजीमामांच्या चरणी भाचा कृष्णात याचा दंडवत. या थंडीत आपला गुडघा काय म्हणतो? मामी लावतात ते निर्गुडीचं तेल मानवतंय ना? आपली घोडी हरणी खुशाल आहे. मीही आहे (थोडा ठेचाळलेला).

मेजरसाहेबाने कोल्ह्याच्या शिकारीला पाहुणे म्हणून बोलावलं आपल्याला, आणि आपण "मामा गावाला गेलेत म्हणून सांग" असं बजावून वडूजहून घोडीसकट मलाच धाडलंत. आपण वीस वर्षं घोडदळाच्या रिसाल्यात दफादार, या साहेबाच्या मागे शंभर शिकारी केलेले. म्हणून नवख्या पाहुण्याची रीत माझ्याकडून घोकून घेतलीत. शिकारीच्या म्होरक्याला, म्हणजे मेजरसाहेबाला, टोपी काढून सलाम करायचा, त्याच्यापुढे घोडं घालायचं नाही, कुत्र्यांकडे घोड्याची पाठ करायची नाही, उभ्या पिकात शिरायचं नाही, आणि कोल्हा दिसला तर बोंब न मारता गुपचूप बोट दाखवायचं. सांगताना आपण ओसरीवर लोडावरच मांड ठोकली होतीत. मला माझ्या लहानपणीचे मामा दिसले, रजेवर आले की मला पुढ्यात घेऊन येरळा नदीच्या वाळूतून दौडणारे. खोगिराच्या तेलाचा तो वास कुठे आला की अजून माझा ऊर भरून येतो.

तर सगळं तोंडपाठ होतं. पण मामा, टोपी काढायला आपण सांगितलंत आणि डोक्याला फेटा बांधला मामींनी! चार लोकांत फेटा उतरवायचा कसा? (आपल्यात तो सुतकात उतरवतात.) म्हणून मी घोडीवरूनच वाकून मुजरा केला. आता, स्वार पुढे झुकला की चौखूर सुटायचं, हे हरणीला आपणच शिकवलेलं. मला तेवढं सांगायचं राहिलं. मुजरा तीनदा करायचा असतो. दुसऱ्या मुजऱ्याला आम्ही साहेबाच्या पुढे होतो, तिसऱ्याला कुत्र्यांच्या. पुढे फक्त कोल्हा उरला. सकाळी सकाळी कोल्ह्याचं तोंड दिसायला भाग्य लागतं, त्यामुळे बोट दाखवायचं सोडून माझे हातच जोडले गेले, लगाम सुटला आणि आम्ही थेट कुणाच्या तरी शाळूत. राखणीच्या माळ्यावर गोफण घेऊन एक म्हातारी उभी होती. ती कडाडली, "आवं फेटंवालं, कोल्हं बी बांधावरनं गेलं, तुमी का उभ्या पिकात?" मी उतरायला गेलो आणि शाळूतच आपटलो.

मागून साहेब आला. आता हा मला हाकलणार, असं धरूनच मी चाललो होतो. पण त्याने घोडीकडे निरखून बघितलं, "अरे, ये तो नाथाजी की हरणी!" म्हणाला आणि तिच्यापुढे स्वतःची टोपी काढली. मग आपली चौकशी केली. मामा गावाला गेलेत, असं मी आपल्या हुकमाप्रमाणे सांगितलं. मामींना नमस्कार.

आपला आज्ञाधारक भाचा,
कृष्णात

ता. क. आज्ञाधारक हे खोटं लिहिलं. मी सगळं खरं सांगून टाकलं: घोड्यावरून पडल्यापासून दोन वर्षं मामा ओसरीखाली उतरत नाहीत, लंगडताना कुणी बघू नये म्हणून. आपण येईपर्यंत हरणी त्याने ठेवून घेतलीय. पुढच्या रविवारी शेवटची शिकार, मग तो कायमचा विलायतेला जाणार. "या खेपेला नाथाजीने मागे नाही, माझ्या शेजारी चालायचं," असा त्याचा निरोप आहे. शुक्रवारी माझा चुलतभाऊ अर्जुना छकडा घेऊन येईल. माझ्यावर पोटभर रागवा, पण छकड्यात बसून रागवा.

आणखी एक. लाजू नका, मामा. साहेबालाही आता दोघंजण उचलून घोड्यावर बसवतात. आपल्याला मी आणि अर्जुना आहोतच.